जोगणीच्या टाक्यातली चिनी अक्षरं

छिन्नीचं टोक चकाकत होतं.

चिमाबाईनं ती दारातल्या उजेडात धरून नीट पाहिली. पाटा गुळगुळीत झाला होता, मिरची नुसतीच घसरत होती, म्हणून पाट्याला टाके मारायला तिनं फळीवरून छिन्नी-हातोडा काढला होता. हत्यारं तिच्या नवऱ्याची, भिकाची. तो उन्हाळ्यात दगडखाणीवर जायचा. तो वारला तेव्हापासून त्या हत्यारांना कुणाचा हात लागला नव्हता. छिन्नी गंजून तांबडीलाल झालेली चिमाबाईनं स्वतः पाहिली होती. आता मधला भाग तेवढा तांबडा राहिला होता आणि टोक पांढरंशुभ्र. टोकाच्या कडेला काळ्या दगडाची भुकटी चिकटलेली.

घरात माणसं दोनच. ती आणि तिचा मुलगा ऋषी. ऋषीनं जन्मात कधी पाट्याला टाके मारले नव्हते.

चिमाबाई होती तिथंच उंबऱ्यावर बसली. गेला आठवडाभर सगळ्या जुन्नर तालुक्यात मोबाइलवर एकच व्हिडिओ फिरत होता. त्या व्हिडिओत कड्यातल्या दगडावर कोरलेली दोन अक्षरं होती. चिनी अक्षरं.

तिची वाडी घाटघरच्या पुढं, नाणेघाटाच्या वरच्या अंगाला. वाडीच्या पुढं जमीन संपते आणि कडा तुटतो. खाली एकदम कोकण. पावसाळ्यात भात, वरई, नाचणी करायची, उन्हाळ्यात हिरडा वेचायचा, असं तिचं आयुष्य गेलं. पुण्या-मुंबईची ट्रेकवाली पोरं यायला लागली तशी ऋषीनं घराला लागून पत्र्याची एक खोली काढली आणि राहण्या-जेवण्याची सोय असल्याची पाटी लावली. पण वाडीपर्यंतचा रस्ता असा की गाड्या घाटघरातच थांबायच्या. खोलीत माणसांपेक्षा उंदरांचाच मुक्काम जास्त. त्याआधी वर्षभर तो चाकणला कंपनीत राहून आला होता. परत आला तेव्हा म्हणाला, "आये, तिथं घर बी पत्र्याचं आन् आभाळ बी पत्र्याचं. मी न्हाई जायचो परत." पाटी लावल्यापासून तो रस्त्याकडं बघत बसायचा. पोराचं ते रस्त्याकडं बघणं चिमाबाईला सोसत नसे.

त्या पाटीवरून वाडीत आलेला आणि पुन्हा पुन्हा येत राहिलेला माणूस एकच, बाळासाहेब. तो आंबेगाव तालुक्यातल्या निरगुडसरचा. घरची बागायत भावांनी सांभाळली आणि हा धाकटा मालवाहू बोटींवर गेला. इंजिनखान्यात फिटर म्हणून त्यानं उमर काढली. निवृत्त होऊन गावी आला, पण गावात त्याचं मन लागेना. भाऊ उसाचं बोलायचे, बाजारभावाचं बोलायचे, आणि ह्याच्या डोक्यात समुद्र. मोटारसायकल काढून तो नाणेघाटातले जुने लेख बघायला आला, चिमाबाईकडं जेवला, आणि जेवता जेवता बोलायला लागला.

ते बोलणं ऐकायला चिमाबाईला आवडायचं. बोटीवर त्याच्यासोबत एक चिनी मिस्त्री होता, त्यानं ह्याला ते वेड लावलं होतं. सहाशे वर्षांपूर्वी चीनच्या राजानं झेंग हे नावाच्या सरदाराला मोठं आरमार देऊन धाडलं. त्या आरमाराची लाकडी जहाजं एवढी मोठी की आपल्या वाडीसारख्या वाड्या एकेकात मावतील, असं बाळासाहेब सांगायचा. ती जहाजं कालिकतला आली, एकदा नव्हे, अनेकदा आली. तिथून पुढं आफ्रिकेला गेली आणि येताना राजासाठी जिराफ घेऊन गेली. वास्को द गामा कालिकतला उतरला त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. इथवर सगळं लिहिलेलं आहे, इतिहासात आहे, असं तो बजावून सांगायचा. त्यापुढची गोष्ट वेगळी. कुणी म्हणतं तीच जहाजं कोलंबसाच्या आधी अमेरिकेला पोचली, कुणी म्हणतं ऑस्ट्रेलियाला. मोठे अभ्यासक ते मानत नाहीत. बाळासाहेबाला अमेरिकेशी देणंघेणं नव्हतं. त्याचा स्वतःचा एक तर्क होता, आणि तो अमेरिकेपेक्षा लहान पण त्याच्या काळजाच्या जास्त जवळचा होता. कालिकतपर्यंत आलेल्या त्या माणसांपैकी चार जण तरी कल्याणच्या बंदराला लागले असतील, हिरडा, मिरी, कापड बघत नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत आले असतील. ते आले असतील तर कुठंतरी काही खूण ठेवून गेले असतील.

ती खूण तो दोन वर्षं शोधत होता. चिमाबाईनं तिला ठाऊक असलेली सगळी ठिकाणं त्याला दाखवली. ऋषी त्याला भाऊ म्हणायचा, त्याच्याबरोबर रानोमाळ हिंडला. सुरुवातीला पोरगा हसायचा, मग ऐकायला लागला, मग मोबाइलवर त्या झेंग हेचं स्वतःच शोधून वाचायला लागला. दोघं ओट्यावर बसून बोलायचे तेव्हा चिमाबाईला वाटायचं, बाप असता तर असाच बोलला असता.

आणि मग श्रावण सरता सरता ऋषी एके दिवशी ओलाचिंब होऊन घरी आला आणि म्हणाला, जोगणीच्या टाक्यात कायतरी कोरलेलं हाय.

जोगणीचं टाकं कड्याच्या पोटात आहे. दगडात खोदलेलं जुनं पाण्याचं टाकं, पुढ्यात खाटेएवढी सपाट जागा आणि तिच्यापुढं काही नाही. पूर्वी बाया तिथं शेंदूर वाहायला जायच्या. दरड पडून वाट तुटली तेव्हापासून दिवाळीनंतर दोर लावून मध काढणारे तेवढे उतरतात. ऋषीनं मोबाइलवर फोटो आणला होता तोही धुरकट, लांबून काढलेला. एका अक्षराचा वरचा भाग दिसे, दुसऱ्याचा नुसता भास. बाळासाहेबानं तो फोटो बोटांनी मोठा करून करून बघितला. चिनी असेल, नसेल, नीट बघितल्याशिवाय सांगता यायचं नाही, असंच तो म्हणाला. पण जुन्नरचा ज्ञानेश्वर, जो गडकिल्ल्यांचं चॅनेल चालवायचा, त्याला कुठला एवढा दम. त्यानं ऋषीकडून फोटो घेतला, व्हिडिओ केला आणि सोडून दिला. दोन दिवसांत वाडीला गाड्या यायला लागल्या. खराब रस्त्यावरून, चिखलातून, गाड्या. रविवारी जुन्नरात मोठी सभा ठरली. बाळासाहेबाचं व्याख्यान होतं, बातम्यांच्या चॅनेलवाले येणार होते.

चिमाबाईच्या हातात ती छिन्नी आली तो गुरुवार होता.

ऋषी संध्याकाळी घरी आला तेव्हा तिनं छिन्नी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती बघितली, आईकडं बघितलं, आणि खाली बसला. नाही म्हणायचा त्यानं प्रयत्नही केला नाही.

"कुणाला दुखावलं का मी?" तो म्हणाला. "चार माणसं याया लागली. भाऊंचा जीव हरखला. कधीतरी आलेच असतील ना ते चिनी? भाऊच म्हनत्यात."

"आलं असतील तर त्यांचं त्यांनी कोरलं असतं," चिमाबाई म्हणाली. "रविवारच्या आत त्यांना सांग."

"रविवार जाऊ दे. मंग सांगतो."

"मंग काय उपेग?"

तो उठून बाहेर गेला. चिमाबाईला माहीत होतं की जुन्या लेण्यात, टाक्यात नुसतं नाव कोरलं तरी गुन्हा होतो; घाटघरला तसा बोर्ड लावलेला होता, आणि मागं दोन पोरांना पोलिसांनी नेलं होतं. तिनं शुक्रवार सगळा भाताच्या खाचरात घालवला आणि दिवसभर तिच्या डोळ्यापुढं पोलिसांची गाडीच येत राहिली. ऋषी तिच्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता. शनिवारी सकाळीच तो सभेच्या तयारीला जुन्नरला निघून गेला.

तो गेला आणि थोड्या वेळानं बाळासाहेब आला. धुकं इतकं दाट होतं की मोटारसायकलचा आवाज आधी आला आणि माणूस मागाहून दिसला. त्याच्या खांद्यावर दोराचं वेटोळं आणि एक पिशवी होती.

"ताई, उद्या माझ्या हातात माईक देतील," तो म्हणाला. "डोळ्यांनी बघितल्याबिगर मी बोलणार न्हाई. टाक्याची वाट दाखवा."

चिमाबाईनं सांगून पाहिलं. कड्यावर शेवाळं धरलंय, दोर ओला होतो, ऋषी दिवाळीनंतर नेईल. तो ऐकत उभा राहिला आणि मग शांतपणे म्हणाला की बोटीच्या तळात तेलावर चालण्यात आपली हयात गेली, शेवाळ्याचं काय एवढं. वाट ऋषीनं लांबून दाखवलेली आहेच. तो वळला.

सांगायचं होतं ते एकच वाक्य. ते चिमाबाईच्या दातापर्यंत आलं होतं. पोरगा पोलिसांच्या गाडीत बसलेला तिला दिसला, आणि तिनं ते वाक्य गिळलं. धुक्यात माणूस दिसेनासा झाला, मग पावलांचा आवाजही गेला. शेजारची कुशाबाई गोठ्यातून विचारत होती की पाव्हणं एकटंच कुठं निघालं. चिमाबाई तशीच अनवाणी निघाली.

कड्यापाशी पोचेपर्यंत तिला धाप लागली. उंबराच्या मुळीला बांधलेला दोर ताणलेला दिसला. म्हणजे माणूस खाली उतरला होता. ती पालथी पडली आणि तिनं कड्यावरून खाली डोकं काढलं. धुक्याशिवाय काही दिसेना.

"भाऊ, वर या," ती ओरडली. "ते खोटं हाय. माघारी या."

कोकणातून वर चढणारा वारा तिथं इतका जोराचा असतो की ओढ्याचं पाणीही खाली पडू देत नाही, उलटं वर फेकतो. त्या वाऱ्यानं तिचे शब्द तोंडातून उचलले आणि मागं नेऊन टाकले. ती पुन्हा ओरडली. खालून उत्तर आलं नाही. परवापासून जे तोंडात धरून ठेवलं ते आता सोडलं तर ऐकायला कुणी नव्हतं. चिमाबाईनं लुगड्याचा काष्टा आवळला आणि दोर धरला.

तरुणपणी ती ह्या वाटेनं शेंदराचं ताट घेऊन उतरली होती. आता ती वाट नव्हती, दरडीनं सोलून काढलेली एक घळ होती आणि तिच्यातून पाण्याची बारीक धार वाहत होती. पायाला खाच लागली की ती थांबायची, श्वास घ्यायची, दुसरी खाच चाचपायची. एकदा दगड निसटला. तो खाली गेला आणि त्याचा आवाज आलाच नाही. मग तिच्या पायाखाली सपाट दगड लागला आणि तिनं डोळे उघडले. ते आपण मिटले होते हे तिला तेव्हा कळलं.

बाळासाहेब टाक्याच्या तोंडाशी गुडघ्यावर बसला होता. अक्षरांवरचं पाणी अंगठ्यानं निपटत होता. तिला बघून तो दचकला नाही. जणू ती येणारच होती.

"ताई, हे चिनीच हाय," तो म्हणाला. "अस्सल चिनी."

चिमाबाई भिंतीला धरून खाली बसली. देवानं असा चमत्कार केला असेल का, की पोरानं मनानं काढलेल्या रेघा खरोखर शब्द झाले?

"आमच्या बोटीवर चिनी बनावटीचा पार्ट आला, की खोक्यात एक चिठ्ठी असायची," तो पुढं म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, कुणाला काम समजावून सांगावं तसा. "त्या चिठ्ठीवर हीच दोन अक्षरं. अर्थ असा, की माल तपासला, माल ठीक हाय. बोल्टाच्या खोक्यात हीच, बल्बाच्या खोक्यात हीच. लाखो वेळा बघितली असतील मी." त्यानं अक्षराच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोट तिच्यापुढं धरलं. बोटाला ताजी काळी भुकटी होती. "ऋषीनं का?"

चिमाबाईनं मान डोलावली.

त्यानं बोटाची भुकटी पाण्यात धुतली. वारा टाक्याच्या तोंडात घुमत होता. मग तो म्हणाला, "दोन वर्षं मी त्याला सगळं सांगितलं. माझ्या घरात कुणी ऐकत न्हाई ते सगळं." आणि त्यानं तोंड दुसरीकडं केलं.

तिथं बसून त्याची समजूत घालायला वेळ नव्हता. वर पाऊस लागला असावा. घळीतली बारीक धार बघता बघता मनगटाएवढी झाली, मग मांडीएवढी. बाळासाहेबानं दोर धरला आणि चढायला सुरुवात केली. पुरुषभर वर गेला असेल, पाण्याचा लोट त्याच्या तोंडावर आला आणि त्याचे दोन्ही पाय सुटले. तो एका हातानं लोंबकळला. त्याच्या खांद्यातून कट्टकन आवाज आला. चिमाबाई कधी उठली, तिनं त्याचा पट्टा कधी धरला, तिला पुढं कधीच सांगता आलं नाही. दोघं मिळून टाक्याच्या तोंडात कोसळली. त्याची पिशवी मात्र कडेवरून गेली.

आता चढणं नव्हतंच. त्याचा हात लुळा पडला होता, ओठ पांढरे झाले होते. चिमाबाईनं पदर फाडून हात गळ्यात बांधला आणि त्याला टाक्याच्या आतल्या कोरड्या कोपऱ्यात सरकवलं. टाक्यातलं पाणी वर येत होतं. सपाट जागेची कड पाण्याखाली गेली. पुढं पाय कुठवर टाकायचा ते कळेना. थंडीनं दोघं कुडकुडत होती. तेव्हा, कुणी विचारलं नसताना, चिमाबाईनं सगळं सांगितलं. छिन्नी सापडली ते, पोरगा काय म्हणाला ते, आणि सकाळी ओट्यावर आपण तोंड उघडलं नाही ते.

"तुमी पडला असता तर माझ्या तोंडापायी पडला असता," ती म्हणाली.

"मी आडमुठेपणानं आलो," तो म्हणाला. "ते तुमी कशाला अंगावर घेता?" थोड्या वेळानं तो दात वाजवत पुन्हा बोलला. "कोरायचं तर जहाज तरी कोरायचं लेकानं."

दुपार उलटून वारा थोडा पडला तेव्हा वरून हाक आली. ऋषीची. तो जुन्नरहून परतला तेव्हा कुशाबाईनं त्याला सांगितलं होतं. वाडीतल्या माणसांना दोराला लावून तो पाण्याच्या लोटातूनच खाली उतरला. टाक्याच्या तोंडाशी आला आणि त्यानं आधी आईकडं, मग बाळासाहेबाच्या गळ्यात बांधलेल्या हाताकडं, मग अक्षरांकडं बघितलं. त्यानं बाळासाहेबाच्या कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि त्याला पाठीशी घेऊन चढवलं. मग आईला नेलं. वर पोचल्यावर तो बाळासाहेबापुढं उभा राहिला आणि "भाऊ, मी" एवढंच म्हणू शकला.

"आधी घरी चल," बाळासाहेब म्हणाला. "आईला शेकोटी कर."

खांदा जुन्नरच्या दवाखान्यात बसवला. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं, पण दुसऱ्या दिवशी हात गळ्यात अडकवून बाळासाहेब सभेला हजर. चिमाबाईला कुणी बोलावलं नव्हतं, तीही गेली. हॉल माणसांनी गच्च भरला होता. ऋषी मागच्या दाराशी उभा होता. चिमाबाई बायकांमध्ये भिंतीकडेला बसली.

बाळासाहेब उभा राहिला आणि त्यानं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं की ती अक्षरं खोटी आहेत. परवापरवा कोरलेली. झेंग हे कालिकतला आला हे खरं, जुन्नरला कुणी चिनी आला ह्याचा आपल्याकडं कसलाही पुरावा नाही. आपण दोन वर्षं शाळाशाळांतून जे सांगत फिरलो तो नुसता तर्क होता, तो तर्क म्हणूनच धरावा. हॉलमध्ये कुजबुज उठली. ज्ञानेश्वरचा चेहरा उतरला होता. त्याच्या चॅनेलचीही शोभा होत होती. त्यानं विचारलं, मग कोरली कुणी? बाळासाहेब म्हणाला, ते मला सांगता यायचं नाही.

"सांगता यायचं न्हाई का सांगायचं न्हाई?" ज्ञानेश्वर म्हणाला. "चिनी अक्षरं येणारा माणूस ह्या भागात एकच हाय. काल टाक्यात कोण उतरलं व्हतं हे बी सगळ्यांना ठावं हाय."

कुणीतरी हसलं. मोबाइल वर झाले. चॅनेलवाल्याचा कॅमेरा बाळासाहेबाच्या तोंडावर आला. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता, पण तो नुसता उभा राहिला. चिमाबाईनं मागं वळून दाराकडं बघितलं. ऋषी जमिनीकडं बघत होता. तिनं वाट बघितली. मनात म्हणाली, बोल. पुन्हा म्हणाली, बोल रे. पोराची मान वर झाली नाही.

सभेत बाईमाणसानं उभं राहण्याची रीत तिच्या घरात नव्हती. तरी ती उभी राहिली.

"ती अक्षरं माझ्या पोरानं कोरली," ती म्हणाली. "छिन्नी माझ्या घरातली हाय. ह्या माणसाला काय बोलू नका. ह्यांना कालपत्तोर ठावं नव्हतं."

कॅमेरा तिच्याकडं वळला. तिनं पदर तोंडावर ओढला नाही. ओढावासा वाटला, पण हात उचलला नाही. मागच्या दाराचा आवाज आला. तिला बघायची गरज नव्हती. ऋषी निघून गेला होता.

संध्याकाळी तो घरी आला आणि कपड्यांची पिशवी भरायला लागला. चिमाबाई चुलीपुढं बसली होती.

"मला आधी इचारायचं तरी व्हतंस," तो म्हणाला.

"इचारलं व्हतं. तू रविवारनंतर म्हनलास."

पिशवी भरून तो गेला. पण चाकणला जाण्याआधी तो जुन्नरला पोलीस ठाण्यात गेला आणि स्वतःच्या तोंडानं सगळं सांगून, लिहून, सही करून आला. चिनी बनावटीच्या नव्या हेडलाइटच्या खोक्यात सापडलेल्या चिठ्ठीवरून अक्षरं उतरवली, कुणी शिकवलं नाही, कुणी सांगितलं नाही. हे चिमाबाईला त्यानं नव्हे, गावच्या पोलीस पाटलानं सांगितलं. पुरातत्त्व खात्यानं रीतसर तक्रार दिली आणि खटला उभा राहिला.

वाडीला येणाऱ्या गाड्या थांबल्या. ज्ञानेश्वरनं व्हिडिओ काढून टाकला, पण निरगुडसरच्या पारावर बाळासाहेबाला पोरं चिनी काका म्हणायला लागली, आणि शाळांनी त्याला व्याख्यानाला बोलवायचं बंद केलं. भावांनी त्याला आता तरी मळ्यात लक्ष घाल म्हणून सुनावलं. खांदा बरा झाल्यावर तो वाडीला आला. चिमाबाईला वाटलं होतं तो पुन्हा येणार नाही. तो आला, ओट्यावर बसला, पिठलं-भाकरी जेवला.

जेवण झाल्यावर तिनं भीत भीत विचारलं, "मंग ते आलंच न्हाईत म्हनता?"

"आले न्हाईत असं न्हाई म्हणत मी," तो म्हणाला. "पुरावा न्हाई म्हणतो. दोन्हींत फरक हाय. पहिल्यापासून तो माझ्या ध्यानात ऱ्हायला पाहिजे व्हता." मग त्यानं ऋषीची चौकशी केली. पोरगा तिचा फोन घेत नव्हता.

भात पिवळं झालं तरी फोन नाही. चिमाबाईनं कुशाबाईच्या मदतीनं काढणी सुरू केली, आणि दुसऱ्या दिवशी खाचरात पाठीमागं विळ्याचा आवाज आला. ऋषी होता. दिवसभर कापत राहिला, पेंढ्या बांधल्या, खळ्यावर नेऊन रचल्या. जेवताना त्यानं मान खाली घालून विचारलं, "भाऊ येत्यात का अजून?"

"येत्यात."

"कायी म्हनत्यात?"

"तुझा हात बरा हाय का इचारत व्हते. दोरानं सोलला व्हता ना तुझा."

त्यानं स्वतःच्या तळहाताकडं बघितलं आणि पुन्हा जेवायला लागला. काढणी संपेपर्यंत तो राहिला. निघताना त्यानं चाकणचा पत्ता सांगितला आणि कोर्टाची तारीख कधी आहे तेही सांगितलं.

पहिल्या तारखेला मायलेकरं जुन्नरच्या कोर्टात समोरासमोर बाकांवर बसली होती. दुसऱ्या वेळी तो आदल्या दिवशीच वाडीला आला आणि दोघं एसटीनं बरोबर निघाली. गाडीत तो पुढं बसला, ती मागं. खटला अजून चालू आहे. दंडावर भागेल असं वकील म्हणतात, पण नक्की कुणी सांगत नाही, आणि तारीख जवळ आली की चिमाबाईला घास गोड लागत नाही. मागच्या खेपेला बाळासाहेबही कोर्टात आला होता; साक्ष लागली तर द्यायला. तिघांनी बाहेर टपरीवर चहा घेतला. बाळासाहेब झेंग हेच्या शेवटच्या सफरीचं सांगत होता, म्हातारपणी तो पुन्हा निघाला आणि वाटेतच गेला, कालिकतला की समुद्रावर हे धड कुणाला ठाऊक नाही, असं. ऋषी ऐकत होता. परतीच्या गाडीला गर्दी होती. तो आधी चढला, आणि चिमाबाई मागून चढून बघते तर त्यानं आपल्या शेजारची खिडकीची जागा धरून ठेवलेली.

"बस," तो म्हणाला.